फोटोतल्या आकाशात काळा ठिपका? ‘सेन्सर गेला’ म्हणण्याआधी ही टेस्ट करा

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. ६ जूनच्या शिवराज्याभिषेक सोहळ्याला या रस्त्याने जाणाऱ्या गर्दीत मोबाइल तर असतोच, पण काहींच्या गळ्यात सेकंडहँड डीएसएलआरही असतो. कॅनन, निकॉन मिररलेसकडे वळले, त्यामुळे जुने डीएसएलआर आता बरेच स्वस्तात मिळतात. आणि या सौद्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘सेन्सर गेलाय, ठिपके येतात.’ या एका वाक्यावर किंमत पडते. बऱ्याचदा ती नुसती धूळ असते!

लेन्स बदलताना धूळ आत जाते. ती थेट सेन्सरवर नाही, त्याच्या पुढच्या फिल्टरच्या काचेवर बसते. एफ/२.८ला प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो, म्हणून तिची सावली विरून जाते. एफ/१६ला प्रकाशाचा झोत अरुंद होतो आणि सावली ठळक उमटते.

म्हणून टेस्ट अशी करा: एफ/१६, कमी आयएसओ, फोकस मुद्दाम बिघडवा आणि मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. एफ/४ला पुसट होणारा ठिपका धुळीचा असू शकतो. प्रत्येक ॲपर्चरला तसाच टोकदार दिसणारा बारीक रंगीत ठिपका म्हणजे खराब पिक्सेल.

आता साफसफाई. आधी मेन्यूतलं सेन्सर क्लीनिंग चालवा. त्यात फिल्टर थरथरवून धूळ झटकली जाते. ही सोय पहिल्यांदा २००३च्या ऑलिम्पस ई-१मध्ये आली. नाही गेली तर बॅटरी फुल करा, मॅन्युअल क्लीनिंग निवडा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. गॅसचा कॅनही नको, त्यातला द्रव काचेवर डाग पाडतो. फोटोत ठिपका वर असेल तर धूळ सेन्सरच्या खालच्या भागात असते, कारण प्रतिमा उलटी पडते.

ब्लोअरनंतर ठिपका हलला किंवा गेला तर धूळच. तिथेच राहिला तर चिकटलेली धूळ, बुरशी किंवा ओरखडा असू शकतो. कोकणातल्या दमट पावसाळ्यात बुरशीचा धोका जास्त. तेव्हा मात्र जाणकाराला दाखवा, मगच भाव ठरवा.

मोबाइलचं गणित वेगळं आहे. त्याची लेन्स निघत नाही. आयपी६८मधला ६ म्हणजे धूळबंद. पण डिस्प्ले किंवा मागची काच बदलताना ते सील तुटतं. दुरुस्तीवाल्या दादांना ‘सील नवीन लावणार का?’ एवढं आधीच विचारा.