आधी डोळे तपासा, मग अकॅडमी

दहावीचा निकाल जवळ आला की सातारा, कऱ्हाड, सांगली, तासगाव या गावांतल्या बसस्थानकांभोवतीच्या भिंती फलकांनी भरून जातात. एनडीएची तयारी, एसएसबीचे मार्गदर्शन, वसतिगृहासह प्रवेश. फलकावर विमान हमखास असते. उसाचे बिल किंवा द्राक्षांचे पैसे आले की त्यातला मोठा वाटा या फीमध्ये जातो. फलकावर उंची, वजन, धावण्याची वेळ, सगळे लिहिलेले असते. डोळ्यांविषयी सहसा एक ओळही नसते. मग दोन-तीन वर्षांनी लेखी परीक्षा पार पडते, पाच दिवसांची मुलाखत पार पडते, आणि वैद्यकीय तपासणीत मुलगा तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीशी अडतो. जी गोष्ट दहा मिनिटांत आणि सरकारी रुग्णालयात नाममात्र खर्चात कळली असती, ती कळायला घराची दोन वर्षे आणि मुलाचे अर्धे मन खर्ची पडते.

हा प्रश्न या दोन जिल्ह्यांना विशेष लागू आहे. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. प्रबोधिनी खडकवासल्याला, म्हणजे हाकेच्या अंतरावर आहे. अपशिंगेसारख्या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द चिकटला आहे. सैन्यात जाणे ही येथे केवळ नोकरी नाही, घराण्याची रीत आहे. आता तर सैनिक शाळांची आणि एनडीएची दारे मुलींनाही उघडली आहेत. २०२२ मध्ये एनडीएत दाखल झालेल्या मुलींची पहिली तुकडी २०२५ मध्ये बाहेरही पडली. त्यामुळे स्वप्न पाहणाऱ्या डोळ्यांची संख्या वाढली आहे. त्या डोळ्यांची तपासणी मात्र वाढलेली नाही.

नियम काय आहे, ते आधी पाहू. एनडीएच्या अलीकडच्या जाहिरातींत दर सहामाहीला हवाई दलाच्या साधारण १२० जागा असतात आणि त्यांतल्या ९२ उड्डाण शाखेच्या. उड्डाण शाखेसाठी चष्म्याशिवाय एका डोळ्याची नजर ६/६ आणि दुसऱ्याची किमान ६/९ लागते. ६/९ म्हणजे निरोगी डोळ्याला नऊ मीटरवरून वाचता येणारे अक्षर या डोळ्याला सहा मीटरवर यावे लागते. दुसऱ्या डोळ्यातली ही उणीव प्लस नंबरची असेल आणि काचेने ६/६ पर्यंत भरून येत असेल तरच चालते. प्लस नंबर दोनपर्यंत, सिलिंडरचा नंबर पाऊणपर्यंत. मायनस नंबर, म्हणजे लांबचे न दिसण्याचा दोष, अजिबात चालत नाही. रेटिनोस्कोपने मोजताना आढळणारा अर्ध्या नंबरपर्यंतचा सुप्त मायनस तेवढा माफ आहे. रंगदृष्टी पहिल्या दर्जाची हवी.

'मायनस एकचा तर नंबर, त्यात काय एवढे?' हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. अभ्यासाला, शेतीला, मोटार चालवायला खरोखरच त्यात काही नाही. लढाऊ विमानाचे गणित वेगळे आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने एकमेकांकडे सेकंदाला ५०० मीटर या गतीने सरकतात. ६/६ नजरेच्या वैमानिकाला समोरचा ठिपका पाच किलोमीटरवर दिसला, तर त्याच्या हातात दहा सेकंद असतात. ६/१२ नजरेच्या वैमानिकाला तोच ठिपका अडीच किलोमीटरवर दिसेल. उरले पाच सेकंद. पाहणे, ओळखणे, ठरवणे आणि विमान वळवणे, हे सगळे त्या पाचांत बसवायचे.

शिवाय आकाश डोळ्याला फसवते. रिकाम्या निळ्या आभाळात नजर टेकवायला काहीच नसते, तेव्हा डोळा अनंतावर स्थिर राहत नाही. तो आपोआप जवळच्या अंतरावर सरकतो आणि निरोगी माणसालाही तात्पुरता मायनस नंबर येतो. रात्री बाहुली मोठी झाली की आणखी थोडी भर पडते. ज्याचा मूळचाच नंबर मायनस आहे, त्याच्या दोषावर हा दोष चढतो. प्लस नंबरचा तरुण डोळा आतल्या भिंगाला ताण देऊन स्वतःला सावरून घेऊ शकतो. मायनस डोळ्याकडे लांबचे स्पष्ट करण्याची अशी कोणतीही सोय नसते. एकाला दोनपर्यंत सूट आणि दुसऱ्याला शून्य, या भेदामागे हे कारण आहे.

मग चष्मा लावून उडवले तर? साध्या उड्डाणात अडचण थोडी. पण लढाऊ विमान तीव्र वळण घेते तेव्हा शरीराचे वजन नऊ पटींपर्यंत जाणवते. पंचवीस ग्रॅमचा चष्मा त्या क्षणी सव्वादोनशे ग्रॅमचा होऊन नाकावरून घसरतो. त्यावर शिरस्त्राण, प्राणवायूचा मुखवटा, रात्री पाहण्याची दुर्बीण. घाम आणि वाफ वेगळीच. कॉन्टॅक्ट लेन्स घसरण्याचा धोका कमी, पण कॉकपिटमधली कोरडी हवा तिला सुकवते आणि धूळ गेली तर विमान थांबवून डोळा धुता येत नाही.

तरीही येथे एक विसंगती उरते आणि ती लपवण्याचे कारण नाही. सेवेत असलेल्या वैमानिकाला पुढे नंबर आला, किंवा चाळिशीचा चष्मा लागला, तर तो ठरावीक मर्यादेत खास चष्म्यासह उडत राहतो. अमेरिकेच्या हवाई दलात चष्मा आणि मऊ लेन्स लावणारे वैमानिक आहेत. प्रवासी विमानांचे वैमानिक तर सर्रास चष्मा लावतात. जवळ दुसरा जोड ठेवला की झाले. म्हणजे चष्म्याने विमान उडवता येत नाही, हे खरे नाही. खरे कारण निवडीचे आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी मायनस एक असलेला नंबर तिथेच थांबेल याची हमी नसते. विशीपर्यंत तो वाढू शकतो. प्रशिक्षित वैमानिकावर देशाने मोठा खर्च केलेला असतो, म्हणून त्याला चष्म्यासह सांभाळून घेणे परवडते. नव्याने येणाऱ्यांच्या रांगेत मात्र दर वेळी लाखो अर्ज असतात. तेथे वाढण्याची शक्यता असलेला दोष आधीच बाजूला काढणे दलाला परवडते. नियम कठोर आहे, पण लहरी नाही.

हे समजून न घेता अनेक घरे आडवाटेला लागतात. पहिली आडवाट लेसर शस्त्रक्रियेची. हवाई दल लेसिकसारख्या शस्त्रक्रियेला सरसकट नकार देत नाही. पण ती वयाच्या विशीनंतर झालेली असावी, तिला किमान बारा महिने झालेले असावेत, कॉर्नियाची जाडी आणि नेत्रगोलाची लांबी ठरलेल्या मर्यादेत असावी, अशा अटी आहेत. एनडीएला प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे एनडीएच्या उमेदवाराला हा मार्ग वयानेच बंद आहे. सतराव्या वर्षी घाईने केलेली शस्त्रक्रिया नंबर घालवेल, पण त्याबरोबर पदवीनंतरची संधीही घालवून बसेल.

शस्त्रक्रियेबाबत सैन्ये इतकी सावध का, याचे बोलके उदाहरण एव्हरेस्टवरचे आहे. अमेरिकन डॉक्टर बेक वेदर्स यांच्या कॉर्नियावर नंबर घालवण्यासाठी जुन्या पद्धतीच्या चिरा दिलेल्या होत्या. मे १९९६ मध्ये चढाई करताना विरळ हवेत त्या कॉर्नियाचा आकार बदलला आणि त्यांची नजर जवळजवळ गेली. वादळात सापडून ते कसेबसे वाचले, हिमदंशाने उजवा हात मात्र गमावून. जमिनीवर उत्तम चाललेला डोळा उंचीवर दगा देऊ शकतो. आज ती पद्धत मागे पडली आहे आणि तिच्या खुणा असलेला उमेदवार कायमचा अपात्र ठरतो.

दुसरी आडवाट फसवणुकीची. रात्री झोपताना कडक लेन्स लावून कॉर्निया दाबून ठेवायचा आणि सकाळी तक्ता वाचून दाखवायचा. नंबर तात्पुरता उतरतो हे खरे, पण कॉर्नियाच्या नकाशात तो दाब स्पष्ट दिसतो. रंगांधळेपणा झाकणाऱ्या रंगीत लेन्सचेही तेच. रंगांधळेपणा बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो, जन्मभर राहतो आणि त्याला औषध नाही. ठिपक्यांच्या इशिहारा तक्त्यावर तो पाचवीतल्या मुलातही काही मिनिटांत कळतो. मग तो अठराव्या वर्षी कळण्याची वाट का पाहायची? 'चष्मा घालवा' म्हणणारे थेंब आणि डोळ्यांचे व्यायाम हा तिसरा बाजार. मायनस नंबर नेत्रगोल लांबल्याने येतो. लांबलेला गोल व्यायामाने आखूड होत नाही.

सगळ्यांत घातक चूक मात्र घरातच होते. मुलाला फळ्यावरचे दिसत नाही हे कळूनही चष्मा दिला जात नाही. चष्मा लागला की नंबर वाढतो, चष्मा लागला की भरतीत अडचण येते, असा समज. वस्तुस्थिती उलट आहे. मलेशियात काही मुलांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी नंबर दिलेल्या मुलांचा दोष अधिक वेगाने वाढत होता, म्हणून ती चाचणी आधीच थांबवावी लागली. भरतीसाठी चष्मा टाळणारा पालक मुलाची भरतीही वाचवत नाही आणि दहावीचे वर्षही.

काय वाचवते, हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा मैदानावर ठेवले. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता. नेहमीप्रमाणे शिकणाऱ्यांत ३९.५ टक्के. तैवानने २०१० पासून रोज दोन तास उजेडात घालवण्याची मोहीमच चालवली. भर उजेडातला खेळ नंबर येण्यापासून बचाव करतो. एकदा आलेला नंबर मात्र त्याने जात नाही. म्हणून जे करायचे ते आठ-दहा वर्षांच्या वयात. सैन्याच्या तयारीच्या नावाखाली पाचवीतल्या मुलाला दिवसभर क्लासच्या बंद खोलीत गाईडपुढे बसवणे, हे त्याच्या पायलट होण्याच्या वाटेत आपणच टाकलेले दगड आहेत. नंबर वाढू लागला असेल तर अत्यल्प तीव्रतेच्या अॅट्रोपिनच्या थेंबांसारखे उपाय नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करता येतात. तेही वाढ मंदावतात, पुसून टाकत नाहीत.

म्हणून मागणी साधी आहे. उड्डाण शाखेचे स्वप्न असलेल्या प्रत्येक मुलामुलीची डोळ्यांची पूर्ण तपासणी तीनदा व्हावी: पाचवीत, आठवीत आणि दहावीनंतर अकॅडमीची फी भरण्याआधी. ही तपासणी डोळ्यांत औषध टाकून व्हावी, कारण लहान मुलाचा डोळा आतले भिंग ताणून खरा नंबर लपवतो. सैनिक शाळेत प्रवेशाच्या वेळी डोळे तपासले गेले, म्हणून पालकांनी निर्धास्त राहू नये. अकराव्या वर्षी निर्दोष असलेला डोळा सोळाव्या वर्षी तसाच असतो असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळाशाळांत जातात, ते उत्तमच. पण मुलाला फळा दिसतो की नाही एवढेच तेथे पाहिले जाते. वैमानिकाच्या निकषासाठी नेत्रविभागातच जावे लागेल. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय महाविद्यालय या कामासाठी पुरेसे आहेत. खासगी अकॅडमींनी नेत्रतपासणीचा कागद पाहिल्याशिवाय उड्डाण शाखेच्या नावाने पैसे घेऊ नयेत आणि शिक्षण विभागाने ही अट घालायला कचरू नये.

हवाई दलाकडेही एक मागणे आहे. नंबर स्थिर झालेल्या तरुणांसाठी निकष किती सैल करता येतील, हे नव्या पुराव्यांच्या आधारे ठरावीक काळाने तपासले जावे आणि त्याची कारणे उमेदवारांना सोप्या भाषेत सांगितली जावीत. 'अपात्र' एवढा एक शब्द हातात घेऊन परतणाऱ्या मुलाला वाटते की आपल्यातच काही कमी आहे.

तसे नसते. मायनस दोनचा मुलगा हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखांत, भूदलात किंवा नौदलाच्या काही शाखांत त्या त्या मर्यादेत चष्म्यासह अधिकारी होऊ शकतो. नागरी विमान उडवू शकतो. प्रत्येक शाखेचा निकष वेगळा असतो आणि तो ताज्या जाहिरातीत छापलेला असतो. हे सगळे दहावीत कळले तर तो मार्ग बदलणे असते. बारावीनंतर वैद्यकीय मंडळापुढे कळले तर ती हार वाटते. येत्या सुट्टीत मुलाला अकॅडमी दाखवायला नेण्याआधी त्याला नेत्रविभागात न्यावे. केसपेपर काढायचा, डोळ्यांत थेंब घालून घ्यायचे आणि तासभर बाकावर बसायचे, एवढेच ते काम आहे.