दिंडोरीची बाटली आणि सतरावी प्रतिज्ञा



शनिवार-रविवारचा एक नवा छंद आपल्याकडे रुजतो आहे. काटोल-नागपूर रस्त्यावरच्या कुठल्या तरी फार्महाऊसवर चार मित्र जमतात, सहा रेड वाइनच्या बाटल्या आणतात, त्यांना कागद गुंडाळतात आणि ओळखायचा खेळ मांडतात. ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, मग ही शिराझ की कॅबरने यावर वाद घालायचा आणि शेवटी गुण द्यायचे. यात आता आपलीही पोरं आहेत. शिकलेली, पगारदार, घरात बाबासाहेबांचा फोटो असलेली. (काटोलात बसून नाशिकच्या द्राक्षातले दहा वास सांगतात, आंबिया आणि मृग बहाराच्या संत्र्यातला फरक विचारा, गप्प बसतात.) त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "दादा, ही दारू नाही, वाइन आहे. आणि चांगल्या वस्तू काय फक्त त्यांनीच वापरायच्या?"

आधी दारू नसल्याचं पाहू. 750 मिलीच्या बाटलीत 13 टक्के अल्कोहोल धरलं तर ते साधारण 97 मिली होतं. देशीचा 180 मिलीचा पव्वा 42.8 टक्क्यांचा, म्हणजे 77 मिली. सहा बाटल्या चौघांत संपल्या तर प्रत्येकाच्या पोटात जवळजवळ दोन पव्वे गेले. धंद्याने वाइन चाखणारे घोट थुंकून टाकतात. फार्महाऊसवर कोण थुंकतो?

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे, कारण तो समतेच्या भाषेत विचारला जातो. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी आपण प्यालो, कारण ते आपल्याला नाकारलं होतं. वाइन तुम्हाला कोणी नाकारली? ती तर सरकारच तुमच्या हातात आणून द्यायला निघालं आहे. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. पुढे 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के कारखानदाराला परत करण्याची योजना आली. 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मान्यता दिली, आणि विरोध होताच वाइन म्हणजे दारू नव्हे, असं सत्तेतल्या नेत्यांनीच सांगितलं. जो माल खपवायला राज्याची तिजोरी उघडते, तो पिण्यात बंड कसलं?

याच राज्यात पारधी बेड्यावर धाड पडते, मोहाचा सडवा जमिनीवर ओतला जातो आणि बाईवर दारूबंदी कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. कायदा तोच, 1949 चा. त्याच कायद्याने पिणाऱ्यालाही परवाना लागतो. फार्महाऊसवर तो कोणी मागितल्याचं ऐकलं आहे? एकाचं पिणं गुन्हा आणि दुसऱ्याचं पिणं अभिरुची, ही विभागणी टक्केवारीवरून होत नाही. ती पिणारा कोण, यावरून होते. आपला शिकलेला पोरगा वाइनचा ग्लास हातात घेतो तेव्हा या विभागणीच्या वरच्या बाजूला जागा मिळाली, एवढंच त्याला सुखावतं.

मग सरसकट दारूबंदी करा, असं मी म्हणतो का? नाही. कोंढाळी ओलांडली की कारंजा घाडगे, वर्धा जिल्हा. तिथे 1974 पासून बंदी आहे आणि दारू कशी मिळते ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने 1951 च्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करण्याची मागणी केली होती. बंदीने दारू घराघरात गाळली जाते आणि सरकारचा महसूलही बुडतो, हे त्यांनी ओळखलं होतं. त्याच बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दारू न पिण्याची सतरावी प्रतिज्ञा दिली. अनेकांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. पोलिसाच्या दंडुक्याने जे साधत नाही ते माणसाने स्वतःहून स्वीकारायचं, म्हणून ती प्रतिज्ञा आहे, कायद्याचं कलम नाही. देशीला लागू आणि शिराझला माफ, अशी पळवाट तिच्यात नाही.

आणि त्या बाटल्यांतल्या एकीवर 'दिंडोरी' लिहिलेलं असतं. नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी तालुका. दादासाहेब गायकवाड त्याच तालुक्यातल्या आंबे गावचे. 1930 चा काळाराम मंदिर सत्याग्रह त्यांनी लढवला. 1959 चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांचा, 6 डिसेंबर 1964 ला देशभर सुरू झालेलाही त्यांचाच. मागणी एकच होती: कसायला जमीन द्या. आज त्यांच्या तालुक्याचं नाव जगभरच्या दुकानांत बाटलीवर झळकतं, आणि हंगामात त्या भागातल्या द्राक्षबागांत मजुरीला सुरगाणा-पेठचे भूमिहीन आदिवासी येतात. लेबलवरचा वास आणि चव तुम्ही मन लावून वाचता. ही गोष्ट त्या लेबलवर नसते.

आपल्या आयाबहिणींनी मात्र एक वेगळी तुलना केली आहे. वस्तीतलं दुकान बंद करायला 'उभी बाटली की आडवी बाटली' असं मतदान होतं. आडवी जिंकायला पुरेशी मतं पडावी लागतात. रोजी बुडवून, नवऱ्याच्या शिव्या खाऊन, दुकानदाराची धमकी ऐकून बाया रांगेत उभ्या राहतात. असं मतदान तुमच्या वॉर्डात लागलं, तर शनिवारी गुण देणाऱ्या चौघांपैकी किती जण आईला केंद्रावर घेऊन जाणार आहेत? खाली नावानिशी लिहा.