रात्री जागणारी मुलगी

“ताई, पोरगी म्हणते, आकाशातलं शोधायचंच काम करीन. असल्या कामाला पगार तरी देतात का हो?” शिकवणीला येणाऱ्या एका मुलीच्या आईनं मला विचारलं.

देतात, मैत्रिणींनो! डॉ. श्रीनिवास कुलकर्णी १९५६ साली जन्मले ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला. (सुधा मूर्तींचे हे धाकटे भाऊ.) हुबळीत वाढले, दिल्लीच्या आय.आय.टी.त शिकले, मग अमेरिका. तिथल्या पॅलोमार डोंगरावर ४८ इंची दुर्बीण आहे. तिच्यावर २०१८ साली नवा मोठा कॅमेरा कामाला लागला, त्या प्रकल्पाचे ते प्रमुख होते. त्याच कॅमेऱ्यानं मार्च २०२२ मध्ये एक हिरवट धूमकेतू टिपला. हा पाहुणा याआधी आला होता सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी!

याच दुर्बिणीवर माइक ब्राऊन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना प्लूटोपलीकडचा एरिस सापडला. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं फोटो घ्यायचे आणि कोणता ठिपका सरकला ते बघायचं. तांदूळ निवडण्यासारखंच की! एरिसचे फोटो २००३ चे. पण तो इतका हळू सरकत होता की संगणकाच्या चाळणीतून निसटला. जानेवारी २००५ मध्ये जुने फोटो पुन्हा निवडले, तेव्हा हाती लागला. त्यातूनच वाद होऊन २००६ साली प्लूटोचं ग्रहपद गेलं.

तेव्हा रात्रभर नळीला डोळा लावून बसायचं, ही आपली समजूत जुनी झाली. रात्रीचं बरंचसं काम कॅमेरा करतो. माणसानं करायचं ते गणित, पदार्थविज्ञान आणि संगणकाचं काम.

अवघड आहे ती वर्षं. कुलकर्णींची पीएच.डी. १९८३ साली झाली, म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होईपर्यंत शिक्षणच चाललेलं. त्या वयात मुलाला “पुरे आता” असं सहसा कुणी म्हणत नाही. मुलीला मात्र मावशी, आत्या, शेजारीण, सगळ्या म्हणतात. त्यांना उत्तर द्यायची तयारी आईनंच आधी करावी, असं मला वाटतं.

बाकी पनवेलकरांना सोय जवळच आहे. खगोलशास्त्राच्या ऑलिंपियाडसाठी मुलं निवडणारं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला, आपल्याच हार्बरच्या गाडीवर. परीक्षेची चौकशी मुलीलाच करू द्या. वडिलांच्या कानावर आधी घालायचं की नंतर, ते तुमचं तुम्ही ठरवा.