ओरखडे कोणी पाडले?

आमच्या सोसायटीत रोज पहाटे एक मुलगा गाड्या पुसायला येतो. परवा एका शेजाऱ्याने त्याला चारचौघांत झापलं. काळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसत होते. मी मुलाच्या हातातलं फडकं पाहिलं. शेजाऱ्याच्याच घरातला जुना बनियन होता तो! बादली एकच, पाणी गढूळ.

गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही कमी. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, ते या थरापेक्षा कठीण. कोरड्या फडक्याने पुसलं की तेच कण रंगावर घासले जातात.

यावरचा उपाय महाग नाही. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी. बादल्या दोन ठेवाव्यात. एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरी फडकं खळबळायला. फडकं मऊ, मायक्रोफायबरचं घ्यावं आणि टपापासून खाली पुसत यावं. चाकांचं फडकं वेगळं. खाली पडलेलं फडकं धुतल्याशिवाय गाडीला लावू नये. पाण्याची टंचाई असेल, तर रोज कोरडं पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुतलेलं बरं.

गाडीवर आपण लाखो रुपये घालतो, पण चांगलं फडकं घेताना हात आखडतो. आणि दोष कोणाला? पहाटे उठून राबणाऱ्या पोराला. आधी त्याच्या हातात धड साधन द्या, मग जाब विचारा.