तपासणी कितव्या दिवशी?

कोणत्याही रुग्णाचा एनसीव्हीचा रिपोर्ट उघडून पाहा. वर नाव, वय, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव, तपासणीची तारीख. खाली तक्ते: मिलिसेकंद, मिलिव्होल्ट, मीटर प्रति सेकंद. शेवटी दोन ओळींचा निष्कर्ष. हात लुळा कधी पडला, पाय ओढायला कधी लागला, अपघात कोणत्या तारखेचा, याचा मात्र बहुतेक रिपोर्टांत पत्ता नसतो. आजाराच्या कितव्या दिवशी ही तपासणी झाली, ते वाचणाऱ्याला कळत नाही. तो एक आकडा नसेल तर तक्त्यातल्या बाकी आकड्यांचा नीट अर्थ लागत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढचे सगळे लिहिणे त्यासाठीच.

आपल्या शास्त्राच्या मुळाशी दोन प्रयोग आहेत. दोन्ही बेडकावरचे आणि दोन्ही १८५० साली जगापुढे आलेले. हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजले. सेकंदाला २७ मीटरच्या आसपास. हा वेग मोजणे माणसाच्या आवाक्यातले नाही, अशी त्यांच्या गुरूंची, योहानेस म्युलर यांची, धारणा होती. त्याच वर्षी ऑगस्टस वॉलर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या प्रकाशनात बेडकाच्या जिभेच्या नसा कापून काय दिसले ते मांडले. कापलेल्या जागेच्या पलीकडचा भाग तत्काळ मरत नाही, तो पुढच्या काही दिवसांत हळूहळू विघटित होत जातो. हेल्महोल्ट्झ यांनी आपल्याला वेग दिला आणि वॉलर यांनी दिवस दिला. आपल्या खोलीतल्या यंत्रावर हेल्महोल्ट्झ रोज राबतात. वॉलर यांची आठवण परीक्षेपुरती उरली आहे.

दुचाकीवरून पडून दंडाचे हाड मोडलेला एक तरुण घ्या. मनगट खाली पडले आहे, बोटे ताठ होत नाहीत. रेडियल नसेला मार लागला आहे हे सांगायला यंत्र नको. हात झोळीत घालून चौथ्या दिवशी त्याला तपासणीला पाठवले जाते. तर्जनी ताठ करणाऱ्या स्नायूवर इलेक्ट्रोड लागतो. मनगटाच्या वर शॉक दिला की स्क्रीनवर भरदार तरंग उमटतो. कोपरापाशी दिला तरी तसाच. अंगठ्याच्या मागच्या संवेदी शाखेचा प्रतिसादही शाबूत. मग मोडलेल्या हाडाच्या वर, काखेजवळ शॉक दिला, तर रेषा सपाट. रिपोर्टात लिहिले जाते: कंडक्शन ब्लॉक, न्यूरोप्रॅक्सिया, नस अखंड. घरच्यांना सांगितले जाते, काळजी करू नका, दोन महिन्यांत हात उठेल.

या तरुणाची नस पूर्ण तुटलेली असती तरी चौथ्या दिवशी स्क्रीनवर साधारण हेच दिसले असते. तुटलेल्या नसेचा खालचा तुकडा अजून जिवंत आहे, शॉक दिला की तो संदेश नेतोच. स्नायूचा प्रतिसाद दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उतरायला लागतो आणि आठवड्याच्या आगेमागे संपतो. संवेदी प्रतिसाद त्याहून थोडा रेंगाळतो, दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंत. हा फरक पडतो, कारण नस आणि स्नायू यांचा सांधा नसेच्या आधी हात टेकतो. हे दिवस जाईपर्यंत नुसती दुखावलेली नस आणि तुटलेली नस एनसीव्हीवर वेगळी ओळखता येत नाही. त्या तरुणाच्या रिपोर्टात तरंगांची नोंद बरोबर होती, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष त्या दिवशी काढण्याजोगा नव्हता.

बंद फ्रॅक्चरमधली रेडियल नस बहुतेक रुग्णांत आपोआप सुधारते. म्हणूनच ही चूक अंगवळणी पडली आहे. दहापैकी बऱ्याच वेळा चुकीच्या कारणावर दिलेला शब्द खरा ठरतो आणि लिहिणाऱ्याला आपण बरोबर होतो असे वाटत राहते. ज्याच्या बाबतीत तो शब्द खोटा ठरतो, तो रुग्ण आपल्याकडे परत येतच नाही. तो दोन-चार महिने मालिश करतो, मग दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जातो. नस वाढते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, आणि स्नायू फार तर वर्ष-दीड वर्ष तिची वाट पाहतो. शस्त्रक्रिया करायची की नाही याचा निर्णय सर्जनने तीन-चार महिन्यांत घ्यायचा असतो. चौथ्या दिवशीच्या रिपोर्टावर विसंबून त्यातले पहिले दोन महिने कुटुंब स्वस्थ बसते.

सुईच्या तपासणीलाही हाच नियम लागू आहे, फक्त दिवस वेगळे. फिब्रिलेशन ही स्नायूची नस तुटल्याची खूण, पण ती ताबडतोब उमटत नाही. पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंत ती आठवड्याभरात किंवा दहा दिवसांत येते, हातापायांच्या टोकाच्या स्नायूंत यायला तीन-चार आठवडे लागतात. स्पीकरमधून पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा तो आवाज आला, की निदान पक्के होते. पण कंबरेची चकती सरकून पाय दुखायला लागलेल्या माणसाला पाचव्या दिवशी टेबलावर घेतले, तर पायाच्या स्नायूत सुई शांत राहणार. संवेदी प्रतिसादही चांगलाच येणार, कारण दाब गँग्लिऑनच्या वरच्या बाजूला, मुळावर आहे आणि खालचा संवेदी तंतू आपल्या पेशीशी जोडलेलाच आहे. रिपोर्ट 'नॉर्मल' निघतो. रुग्णाला वाटते, डॉक्टरांना आपल्या दुखण्यावर विश्वास नाही.

मग पहिल्या दिवसांत तपासणी करायचीच नाही का? करायची, पण प्रश्न ठरवून. त्या तरुणाच्या कोपराजवळच्या ब्रॅकिओरेडियालिस स्नायूत पहिल्याच दिवशी सुई घाला आणि त्याला कोपर वाकवायला सांगा. त्याच्या इच्छेने एक जरी मोटर युनिट उमटले, तरी नस पूर्ण तुटलेली नाही हे तिथल्या तिथे कळते. पहिल्या दहा दिवसांत एनसीव्ही जे सांगणार नाही, ते सुई पहिल्या दिवशी पाच मिनिटांत सांगते. शिवाय मधुमेहाने आधीच झिजलेल्या नसा असतील तर त्यांची नोंद सुरुवातीलाच झालेली बरी, नाहीतर जुने नुकसान नव्या अपघाताच्या नावावर जमा होते. जखम उघडी असेल, नस कापल्याचा संशय असेल, तर सर्जनने आपल्या तपासणीसाठी थांबू नये.

इथे सुईबद्दल थोडे कठोर बोलणे भाग आहे. अनेक ठिकाणी ही तपासणी शॉक देण्यापाशीच संपते. सुईला रुग्ण भितो, प्रत्येकासाठी नवी सुई वापरायची तर खर्च वाढतो, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरला स्वतः खोलीत बसावे लागते, कारण सुईचा अर्थ त्या क्षणी, ऐकता ऐकता लावावा लागतो. तिन्ही अडचणी खऱ्या आहेत. तरीही मुळाचे आजार, स्नायूंचे आजार आणि अपघाती इजा यांत सुईशिवायची तपासणी अर्धी आहे. अर्धी झाली असेल तर रिपोर्टात 'सुईची तपासणी केलेली नाही' असे स्वच्छ लिहावे. ती जागा कोरी सोडली की वाचणारा ती पूर्ण झाली असे धरून चालतो.

चेहऱ्याच्या नसेबद्दलही हेच. तोंड वाकडे झालेला माणूस घाबरून दुसऱ्या दिवशी तपासणीला येतो. शॉक दिल्यावर दोन्ही बाजूंचा तरंग सारखा दिसतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. तो दिलासा त्या दिवशी देता येत नाही. तुलना करायची तर चौथ्या दिवसानंतर आणि दोन आठवड्यांच्या आत. तेव्हा दुखऱ्या बाजूची उंची चांगल्या बाजूच्या दहा टक्क्यांच्याही खाली गेली असेल, तर नस पूर्ण बरी होण्याची आशा बरीच कमी होते. स्टिरॉइड मात्र पहिल्या ७२ तासांत सुरू व्हायला हवे. त्यासाठी आपल्या रिपोर्टाची वाट पाहायची नसते.

आता जीबीएस. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात रुग्ण एकापाठोपाठ एक दाखल होऊ लागले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले, पाण्याकडे बोट दाखवले गेले. साथीची चर्चा बरीच झाली. आम्हाला तिच्यातला आपल्या कामाचा भाग पुढे आणायचा आहे.

जीबीएसमध्ये पहिल्या काही दिवसांची तपासणी अनेकदा जवळजवळ निर्दोष येते. फार तर एच-रिफ्लेक्स गेलेला, एफ-वेव्ह विस्कळीत, हातातल्या संवेदी नसा मंदावलेल्या आणि पायातली स्यूरल नस चांगली. मणक्यातल्या पाण्यात प्रथिने वाढलेली असतातच असेही पहिल्या आठवड्यात नाही. म्हणून निदान तपासणाऱ्याच्या हातोडीवर आणि डोळ्यांवर अवलंबून असते, आणि उपचार चौथ्या दिवशीच्या 'नॉर्मल' रिपोर्टामुळे रोखता कामा नयेत. ज्याच्या मांड्यांची ताकद रोज उतरते आहे आणि रिफ्लेक्स गेले आहेत, त्याचा श्वास आणि नाडी पाहायची, यंत्र नंतर.

याच्या उलट चूक अधिक दुखावणारी आहे. कॅम्पायलोबॅक्टरनंतर येणाऱ्या जीबीएसमध्ये मायलिन शाबूत राहून ॲक्झॉनवर हल्ला होण्याचे प्रमाण मोठे. उत्तर चीनच्या खेड्यांतल्या मुलांमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जे वर्णन झाले ते याच प्रकाराचे. अशा रुग्णाच्या पहिल्या तपासणीत तरंग खुजे झालेले दिसतात आणि रिपोर्टात 'ॲक्झोनल' हा शब्द पडतो. नातेवाइकांना तो शब्द समजावताना आपण तोंड बारीक करतो: बराच वेळ लागेल, कदाचित पूर्ण बरे होणार नाही. पण खुजा तरंग म्हणजे मेलेला ॲक्झॉन असे दर वेळी नसते. प्रतिपिंडे रॅनव्हिएच्या गाठींवर जाऊन बसतात आणि संदेश तिथेच अडतो. ती उतरली की वहन परत येते, काही आठवड्यांतच. जिथे खरोखर ॲक्झॉन मेला आहे आणि जिथे तो फक्त अडला आहे, ते पहिल्या तपासणीत सारखेच दिसतात. वेगळे करायचा उपाय एकच: तीन ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तोवर रुग्णाच्या भवितव्याबद्दल ठाम बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही, चांगलेही नाही आणि वाईटही नाही.

दुसऱ्या तपासणीचा खर्च हा खरा अडसर आहे. तालुक्याच्या गावाहून एसटीने येणाऱ्या माणसाचा एक दिवसाचा रोज बुडतो, सोबतच्याचाही बुडतो, वर तपासणीची फी. त्याला 'परत या' म्हणणे सोपे नाही. म्हणूनच पहिल्यांदा कधी बोलवायचे याचा विचार पाठवणाऱ्या डॉक्टरने आधी करायला हवा. अपघाती इजेत एकदाच तपासणी परवडणार असेल तर ती चौथ्या दिवशी करून पैसे वाया घालवू नयेत. तीन-चार आठवड्यांनी करावी, म्हणजे तरंग आणि सुई दोन्ही खरे बोलतात. कुल्ल्यावरच्या इंजेक्शननंतर पाऊल पडलेल्या लहान मुलालाही हेच लागू. आणि ज्या केंद्राने घाईच्या दिवसांत पहिली तपासणी केली, त्याने दुसऱ्या वेळी निम्मी फी घ्यावी, अशी आमची विनंती आहे. तीच नस, तीच जागा, तेच यंत्र, फक्त दिवस वेगळा. या तुलनेची किंमत दोन स्वतंत्र तपासण्यांपेक्षा जास्त आहे, पण तिचा भार रुग्णावर पडू नये.

चिठ्ठीवर 'एनसीव्ही, दोन्ही हात' एवढेच लिहून पाठवणाऱ्या सहकाऱ्यांनाही हे सांगायचे आहे. त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला आणि तुम्हाला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, या दोन ओळी लिहायला मिनिट लागत नाही. त्या नसतील तर टेक्निशियनने रुग्णाला विचाराव्यात आणि पहिल्या पानावर ठळक टिपाव्यात. शेजारी त्वचेचे तापमानही लिहावे. एसीच्या खोलीत बसून गार पडलेल्या हातात प्रत्येक अंशामागे वेग सेकंदाला दीड ते दोन मीटरने घटतो आणि निरोगी नस आजारी ठरते. हात निदान ३२ अंशांवर आणावा, मगच इलेक्ट्रोड लावावा.

आणि निष्कर्षात, लवकर झालेल्या तपासणीबद्दल, एक वाक्य सवयीने यावे: 'ही तपासणी इजेच्या चौथ्या दिवशी झाली आहे, नस तुटली आहे की नुसती दुखावली आहे हे आज एनसीव्हीवरून सांगता येणार नाही, अमुक तारखेनंतर सुईसह पुन्हा करावी.' हे लिहिल्याने आपली अपुरी माहिती उघडी पडते, अशी भीती काहींना वाटते. सर्जनला आणि न्यूरॉलॉजिस्टला मात्र याच वाक्याची गरज असते.

पुढील अंकापासून आम्ही जोडीच्या तपासण्या छापणार आहोत. एकाच रुग्णाची पहिली आणि दुसरी तपासणी, शेजारी शेजारी, प्रत्येकीवर आजाराचा दिवस आणि त्वचेचे तापमान. अशा नोंदी तुमच्याकडे असतील तर रुग्णाची ओळख काढून, संमती घेऊन पाठवा. पहिल्या वेळचा निष्कर्ष दुसऱ्या वेळी बदलावा लागला असेल, तर ती जोडी सर्वांत आधी पाठवा.