बर्फातलं परकं माणूस

मैत्रिणींनो, आज तुम्हांला स्वयंपाकघरातून जरा लांब नेणार आहे. इतकं लांब, की तिथं बाराही महिने स्वेटर घालावा लागेल!

उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही १९६९ सालची कादंबरी. गेथेन नावाच्या बर्फाळ ग्रहावर पृथ्वीवरचा एक दूत एकटाच येतो. तिथली माणसं कायमची पुरुषही नाहीत आणि बाईही नाहीत. महिन्यातले थोडे दिवस ती दोहोंपैकी एक होतात. एकच माणूस एका लेकराची आई, तर दुसऱ्याचा बाप. राजालासुद्धा दिवस जातात! आणि त्यांना विचित्र कोण वाटतो? हा दूत. कायम पुरुषच कसा, म्हणून!

तिथल्या एस्त्रावेन या प्रधानावर दूताचा विश्वास बसत नाही. याला पुरुष समजावं की बाई, तेच त्याला कळत नाही. पण कैदेत मरायला टेकलेल्या दूताला सोडवतो तो एस्त्रावेनच. मग सुमारे ऐंशी दिवस दोघं बर्फ तुडवत जातात. एक तंबू, एक शेगडी, मोजून घेतलेलं अन्न. तेव्हा कुठं दूताला कळतं, हा पहिल्यापासून आपल्याच बाजूनं झटत होता.

लेखिकेचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ. पेरूमध्ये त्यांनी उत्खननंही केली. १९११ साली कॅलिफोर्नियात याही जमातीतला शेवटचा उरलेला एक माणूस उपाशीपोटी लोकांत आला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘रानटी’ म्हटलं. क्रोबर आणि त्यांचे सहकारी त्याच्यापाशी बसले, त्याची भाषा समजून घेऊ लागले. स्वतःचं नाव उच्चारायचं नाही, अशी त्याच्या लोकांची रीत. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव घेत नसत ना, तसंच काहीसं! म्हणून क्रोबरांनी त्याला ‘इशी’ म्हटलं. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस.

हे वाचलं आणि मला आमचंच घर आठवलं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंवर मी ‘सासू’ अशी पाटी लावली ती लावलीच. माझ्या शाळेतल्या अर्धवेळ नोकरीला त्यांचाच विरोध होता, असं बारा वर्षं धरून चालले. गेल्या पावसाळ्यात दोन रात्री वीज नव्हती. बाकीचे गावाला गेलेले. कंदिलापाशी आम्ही दोघीच पिठलं-भात खात होतो. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “मामंजी तुझे नकोच म्हणत होते गं. मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा हो म्हणाले. माझी शाळा सातवीत सुटली, तुझी कशाला सुटू द्यायची?”

माझा घास हातातच राहिला. बारा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्ही किती शिकलात?

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. सासू असो, सून असो, जाऊ असो, तिला तिच्या शाळेची एक तरी आठवण विचारा. आणि वीज जायची वाट पाहू नका बरं का!