फसवून घेतलेली संमती

खिशातून पाकीट लांबवणाऱ्यास चोर म्हणावे, आणि खोटे बोलून मालकाच्याच हातून पाकीट काढून घेणाऱ्याचे कृत्य मात्र व्यवहार समजावे, असे कोणी म्हणू लागल्यास ते हास्यास्पद ठरेल. तथापि इंटरनेटवरील खरेदी-विक्रीच्या क्षेत्रात नेमका हाच भेद वर्षानुवर्षे पाळला गेला आहे. कार्ड चोरून किंवा खात्यात शिरून पैसे काढले गेले तर ते ‘अनधिकृत’, म्हणून ग्राहकास संरक्षण. बनावट दुकानावर विश्वास ठेवून ग्राहकाने स्वतः पैसे पाठवले तर ते ‘अधिकृत’, म्हणून नुकसान त्याचे त्याने सोसावे. फसवणुकीने घेतलेल्या संमतीला इतकी किंमत कशी काय आली, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

या फसवणुकीची रीत एव्हाना सर्वपरिचित झाली आहे. दिवाळी किंवा लग्नसराई जवळ आली की मोबाइलच्या पडद्यावर जाहिरात झळकते. येवल्याच्या पैठणीची, मिक्सरची वा पादत्राणांची छायाचित्रे एखाद्या नामांकित दुकानाच्या संकेतस्थळावरून उचललेली असतात. नावात एखाद्या अक्षराचाच काय तो फरक. ग्राहक दीड-दोन हजार रुपये भरतो. दुसऱ्या दिवशी ‘माल रवाना झाला’ असा संदेश येतो, आठवड्याने विलंबाबद्दल दिलगिरीही व्यक्त होते, आणि मग दुकानच नाहीसे होते. काही वेळा पार्सल येते, पण त्यात पैठणीऐवजी चिंध्या निघतात. घरपोच रोख रक्कम दिली असेल तर पार्सल पोचवणारी कंपनी ‘आम्ही केवळ वाहक’ असे सांगून मोकळी होते.

या फसवणुकीत काळ हेच मुख्य हत्यार आहे, ही बाब पुरेशी ध्यानी घेतली जात नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०२१ साली आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार तत्काळ नोंदवून पैसे वाटेतच रोखणारी यंत्रणा उभारली. १९३० या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार करता येते आणि संबंधित बँकांना रक्कम गोठवण्याची सूचना जाते. ही यंत्रणा उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु तिचे सारे यश पहिल्या काही तासांवर अवलंबून असते. खात्यातून पन्नास हजार परस्पर गेल्याचे खातेदारास मिनिटभरात कळते. आपण फसलो हे बनावट दुकानाच्या गिऱ्हाइकास मात्र आठ-दहा दिवसांनी, माल न आल्यावर उमगते. तोवर रक्कम चार खात्यांतून फिरून रोखीने काढलेली असते. धावत जाऊन चोर पकडण्याची व्यवस्था जिथे चोरीच उशिरा कळते तिथे अपुरी पडावी, यात नवल नाही.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकातही हीच उणीव होती. दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर कोणतीही तोशीस येऊ नये, त्याचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर राहावी, अशी उदार तत्त्वे त्यात होती. परंतु ती सारी ‘अनधिकृत’ या एका शब्दाभोवती फिरत होती. भारतीय करार कायद्याने १८७२ सालीच ठरवून दिले आहे, की कपटाने मिळवलेली संमती मुक्त संमती नव्हे आणि असा करार फसलेल्या पक्षास रद्द करता येतो. दीडशे वर्षांपूर्वी बैलाच्या सौद्यालाही लागू असलेले हे तत्त्व मोबाइलवरील सौद्याला उपयोगी पडू नये, हा विपर्यास आहे.

व्यवहारात ग्राहकाचे भवितव्य ठरते ते त्याने पैसे कोणत्या वाटेने दिले यावर. क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने रक्कम भरली असेल तर ‘चार्जबॅक’ची सोय आहे. माल न मिळाल्याची तक्रार ग्राहकाने पुराव्यासह आपल्या बँकेकडे करावी. ती बँक विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम परत मागते. प्रमुख आंतरराष्ट्रीय कार्ड कंपन्यांच्या नियमांत यासाठी सामान्यतः १२० दिवसांची मुदत असते आणि न पोचलेल्या मालाबाबत ती माल अपेक्षित असलेल्या दिवसापासून मोजता येते. म्हणजे फसवणुकीच्या संथ गतीची दखल या नियमांनी घेतली आहे. यूपीआयने थेट एखाद्या खात्यात पैसे पाठवणाऱ्याला मात्र असा आधार सहसा मिळत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या या पद्धतीने ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. ज्या वाटेने सामान्य माणूस चालतो, त्याच वाटेवर कठडा नसावा, हे दुर्दैव होय.

ग्राहक कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा निश्चितच पुढारलेला आहे. ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्री करणाऱ्या संस्थेवर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले; तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे असेही सांगितले. खरा दुकानदार चुकला तर हा कायदा कामी येतो. पण ज्याला पत्ताच नाही त्याच्यावर नोटीस बजावायची कोठे? बनावट दुकान नियम मोडते असे म्हणण्यात अर्थ नाही. नियम मोडण्यासाठीच त्याचा जन्म झालेला असतो.

उरतो पोलिसांचा मार्ग. गुन्हा कोठेही घडलेला असो, तो कोणत्याही ठाण्यात नोंदवून घेण्याची तरतूद जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. तथापि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो, आणि दीड हजार रुपयांसाठी तो वेळ काढील अशी अपेक्षा भाबडी ठरते. तक्रार आपोआप प्राथमिक माहिती अहवालात रूपांतरित करण्याचा प्रयोग मे २०२५ मध्ये दिल्लीत सुरू झाला, तेव्हा त्यासाठी दहा लाखांहून अधिक नुकसानीची मर्यादा होती. लहान रकमांना प्रारंभी कोणते स्थान मिळाले, हे त्यावरून दिसते. वास्तविक सोलापूर, अकोला, बेळगाव, पणजी अशा हजार ठिकाणच्या हजार माणसांचे दीड-दीड हजार एकत्र केले तर पंधरा लाख होतात. प्रत्येक ठाण्याला त्यातला एक कण दिसतो. गुन्ह्याचे पूर्ण आकारमान दिसू शकते ते एकाच जागी – ज्या खात्यात हे सारे पैसे जमा झाले तेथे.

म्हणूनच उत्तरदायित्वाचा विचार त्या खात्यापासून सुरू झाला पाहिजे. पैसे पाठवणारी बँक म्हणू शकते, की खातेदाराने आज्ञा केली, आम्ही ती पाळली. या म्हणण्यात काही तथ्य आहे. पैसे स्वीकारणाऱ्या बँकेला मात्र हा आडोसा घेता येणार नाही. खाते तिने उघडले, कागदपत्रे तिने तपासली. नुकत्याच उघडलेल्या एखाद्या व्यक्तीच्या खात्यात देशभरातून एकसारख्या लहान रकमा येतात आणि त्याच दिवशी खाते रिकामे होते, हे तिच्याच नोंदवहीत दिसते. अशी भाडोत्री खाती ओळखण्याची साधने रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने तयार झाली आहेत. साधने असूनही डोळेझाक करणाऱ्याने तिचे मोल देऊ नये काय?

ब्रिटनने या दिशेने ठोस पाऊल टाकले आहे. तेथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवणुकीला बळी पडून देशांतर्गत खात्यात स्वतःहून पाठवलेले पैसेही, ८५,००० पौंडांच्या मर्यादेत, सामान्यतः पाच कामकाजाच्या दिवसांत ग्राहकास परत द्यावे लागतात. आणि हा भार पाठवणारी व स्वीकारणारी संस्था निम्मा-निम्मा वाटून घेतात. ग्राहकाने अक्षम्य हलगर्जी केली असेल तर दाव्यास नकार देता येतो. मात्र दुर्बल स्थितीतील ग्राहकास त्यातूनही सूट आहे.

यावर आक्षेप येणार, की लोभी गिऱ्हाइकांच्या मूर्खपणाचा खर्च बँकांनी, म्हणजे अंती इतर खातेदारांनी का सोसावा? अनेक बनावट दुकाने मूळ दुकानाच्या जवळपासचीच किंमत लावतात. तेथे लोभाचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय लोभ हा गुन्हा नव्हे, फसवणूक हा गुन्हा आहे. खोट्या दाव्यांची भीती रास्त आहे. पण त्यावर उपाय छाननीचा आहे, नकाराचा नव्हे. मर्यादा ठरवावी, ठरावीक लहान रक्कम ग्राहकाने सोसावी, नव्या विक्रेत्याचे पैसे माल पोचेपर्यंत रोखून धरावेत. पण मुदत मोजावयाची ती पैसे दिल्यापासून नव्हे, तर फसवणूक कळल्यापासून.

अर्थात नियम बदलेपर्यंत ग्राहकाने हातावर हात ठेवून बसू नये. जाहिरात, पावती, संदेश यांच्या प्रती जपाव्यात, १९३० वर आणि बँकेकडे लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणून आगाऊ रक्कम मागणारा मदतनीस बहुधा दुसरा भामटा असतो, हेही विसरू नये.

१९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा विखुरलेला ग्राहक दुबळा असतो आणि त्याला संघटित केल्यावाचून न्याय मिळत नाही, हाच त्या चळवळीचा आधार होता. आज ग्राहक पूर्वीपेक्षाही विखुरलेला आहे. त्याचा दुकानदार त्याने कधी पाहिलेलाही नसतो. ग्राहक संघटनांनी हजारो लहान तक्रारी एकत्र गुंफून रिझर्व्ह बँक आणि संसदेपुढे मांडाव्यात आणि कपटाने घेतलेली संमती ही संमती नव्हे, हे करार कायद्यातले जुने वचन बँक व्यवहाराच्या नियमांत लिहवून घ्यावे. दीड हजार रुपये बँकेच्या ताळेबंदात नगण्य असतील. महिन्याचा किराणा त्यातून भरणाऱ्या घरात ते नगण्य नसतात.